डोंगराकडची दारं

ता. ४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास दादाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. चौथीपर्यंतचं शिक्षण, एकेक अक्षर जुळवत लिहितो. सही येते म्हणून वस्तीने मला खाणीच्या बैठकीला पाठवलं.

बैठकीत मला गादीची खुर्ची आहे. मी आपल्या बोलीत बोलतो, दुभाषा साहेबांना सांगतो. पोरगा फार गोड बोलतो, मी त्याला साखऱ्या म्हणतो. आपला डोंगर खाणीला द्यायचा की नाही, हे शेवटच्या बैठकीत विचारणार, आधी बारीकसारीक, असं साहेब म्हणाले. मला वाटलं, बारीक गोष्टींत गप्प राहिलो तर मोठ्या वेळी कोण विचारणार? म्हणून, समजा खाली नवी घरं बांधली तर दारं कुठे, असं विचारल्यावर मी हटूनच बसलो. ते म्हणत होते रस्त्याकडे, मी म्हणालो डोंगराकडे. सकाळी डोंगर दिसल्याशिवाय आई चहासुद्धा घेत नाही. शेवटी मानलं त्यांनी. तुझ्या वहिनीनेही जन्मात माझं एवढं ऐकलं नव्हतं.

निकाल लागेपर्यंत कुणी जागचं हलू नका. माया असू दे.

तुझा दादा

ता. १ मे

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा आमचं सामान ट्रकात चढत होतं. आम्ही वाटेत आडवे बसलो होतो. अधिकाऱ्याने भोंग्यावरून विचारलं, जायचंच नव्हतं तर तुमच्या माणसाने दारं कशाला ठरवली? सगळे माझ्याकडे बघायला लागले. मग मीच पहिला उठलो.

घरं पक्की आहेत. दारं तू म्हणालास तशीच. समोर डोंगर फोडतात, धूळ थेट चुलीवर येते. सगळे दारं लावून बसतात, आई लावू देत नाही. उंबऱ्यात बसून आज कुठवर कापला ते सांगते. खोकताना रक्त पडतं. शेजारी तिला ऐकू जाईल असं म्हणतात, लेकाने हौसेने मागितलेलं दार, उघडंच ठेवायला हवं. तू किती भांडलास ते मी तिला सांगितलं. ती म्हणाली, तो लहानपणापासून असाच, विचारलं की उत्तर देतो.

इतक्यात येऊ नकोस. पोरांनी दगड जमवलेत, ही चेष्टा नाही.

तुझाच, धाकटा

ता. २० मे

चि. धाकट्यास आशीर्वाद, वि. वि.

पुन्हा उशीर झाला, काय तोंडाने लिहू कळेना. शेवटची बैठक झाली. मी हात वर करून म्हणालो, आता मोठा प्रश्न घ्या. साहेब प्रेमाने काहीतरी बोलले आणि सगळे हसले, म्हणून मीही हसलो. मग साखऱ्याने सांगितलं, साहेब म्हणतात, आजोबा, दारं ठरली तेव्हाच तो सुटला की.

आता पलीकडच्या डोंगरावरच्या लोकांची बैठक आहे. तुमच्यासारख्याच माणसाचं आम्ही कसं ऐकलं ते बघा, असं सांगायला मला त्यांच्यापुढे बसवणार. मी नाही म्हणालो. साखऱ्याने काय सांगितलं कोण जाणे, साहेबांनी माझी पाठ थोपटली.

आईला म्हणावं, दुपारपुरतं तरी दार लावून घे. खोकला जिवावर बेतेल.

सोमवारी मला इथली खोली सोडायची आहे. घराशिवाय जाऊ कुठे? पोरांच्या दगडांचं मी बघून घेईन. पण मला येताना बघून आईने दार लावलं तर? तिला एवढं विचार आणि लवकर कळव.

तुझा दादा