नर्सबाई आणि ताईचा रक्तदाब

दि. ४ जून

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

दादाला पुन्हा शहरातल्या हॉस्पिटलात ठेवू म्हणतेस. तुझी काळजी कळते गं, पण तिथून आला की तो कितीतरी दिवस शिलाई मशीनला हात लावत नाही, हे तू पाहिलेलं नाहीस. औषधासाठी दिवसभर बसचे धक्के नकोत म्हणून त्याने गोळ्याच सोडल्या होत्या. आता तिथले डॉक्टर आणि आपला दवाखाना मिळून काम करणार आहेत. डॉक्टर महिन्यातून एकदा इथे बसतील, एरवी इथल्या नर्सबाई घरी येऊन दादाशी बोलतील आणि त्यांना कळवतील. शेजारी मी सांगून ठेवलंय, की बाई माझा रक्तदाब बघायला येतात. उगाच चर्चा नको.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई

दि. १५ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्यासारख्या धडधाकट बाईला रक्तदाब! थाप तरी पचेल अशी मारायचीस. पण हसून झाल्यावर रडू आलं. मागच्या वेळी दादा जेवणखाण सोडून भिंतीकडे तोंड करून पडला होता, ते डोळ्यांपुढून जात नाही. जुलैअखेर सुधारणा दिसली नाही, तर मी गाडी घेऊन येणार आणि त्याला भरती करणार.

लोभ असू दे, रागासकट.

तुझी धाकटी

दि. ६ जुलै

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

थाप माझ्याच अंगाशी आली. परवा समोरच्या मास्तरीणबाई, वरचे आजोबा, सगळे बाह्या सरसावून आमच्या बाहेरच्या खोलीत हजर! नर्सबाई बिचाऱ्या भिडेपोटी तपासत बसल्या, दादा आत ताटकळला आणि मी आपली सगळ्यांना चहा देत राहिले. शेवटी तोच बाहेर येऊन शांतपणे म्हणाला, की बाई माझ्यासाठी येतात, माझं मन आजारी असतं, मला जरा त्यांच्याशी बोलू द्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजोबा मात्र उठता उठता त्याला म्हणाले, की माझ्या सदऱ्याची बाही उसवलीय, जमेल तेव्हा बघ.

जाताना बाईंनी माझाही दंड मागितला. रक्तदाब खरंच चढलेला निघाला! दादा पोट धरून हसला. ते हसू मी विसरूनच गेले होते.

आज डॉक्टरांचा इथला दिवस. शहरात जाताना मी त्याला अक्षरशः ओढून नेत असे. आज तोच चपला घालून दारात उभा, चल ताई, तुला दाखवून आणतो म्हणत. काखेत आजोबांचा सदरा होता, शिवलेला.

गाडी घेऊन जरूर ये, पण चार दिवस राहायला.

तुझीच,
रक्तदाबवाली ताई