फाटलेल्या सुराचा चहा

रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

फाटला! माझा आवाज भर तालमीत फाटला. नशीब, हॉलवर मी आणि यशराज दोघंच होतो. त्यानं मोबाईलमध्ये डोकं घातलं. मेडिकलवाला आहे, गिऱ्हाइकाची लाज राखायची सवय आहे त्याला. आमच्या कराओके ग्रुपचा नियम आहे – ज्याचा सूर फाटेल त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा. त्यानं चहाचं नावही काढलं नाही, तेच जास्त लागलं. आजवर चहा फक्त बाबासोअण्णांचा. बिचाऱ्यांचा दर गाण्यात फाटायचा आणि आम्ही खदखदून हसायचो.

अण्णांना जाऊन महिना होत आला. तेवीस तारखेला ग्रुपतर्फे त्यांच्यासाठी गाण्यांची सभा आहे. पहिलं गाणं माझं. "अनुजाताई, ओरिजिनल स्केलमधी गाणारं राजारामपुरीत दुसरं कोण हाय?" अण्णा म्हणायचे. म्हणजे मूळ गायिकेच्याच पट्टीत, एक सूरही खाली न घेता. लॅपटॉप, ट्रॅक, स्पीकर सगळं तेच बघायचे. लॅपटॉप आता त्यांच्या मुलीकडे, साक्षीकडे, जयसिंगपूरला. तिला तो उघडवत नाही. म्हणून यशराजनं सगळे ट्रॅक नेटवरून घेतलेत.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

मिठाच्या गुळण्या. ज्येष्ठमध. हळद-दूध. तरी अंतऱ्याच्या वरच्या सुरावर परत फाटला. आतून ह्यांनी विचारलं, "कुकर लावलायस व्हय?" दिवसभर बोलले नाही त्यांच्याशी.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

डॉक्टर म्हणाले, घसा स्वच्छ आहे, वयानं होतं असं. चोपन्न म्हणजे काय वय झालं? क्लासमध्ये भूमिती शिकवताना शेवटच्या बाकापर्यंत आवाज जातो तो कुणाचा?

भीती वाटते. खरं सांगायचं तर सभेची कमी, गळ्याची जास्त. आठवडाभर प्रमेयं आणि पोळ्या, त्यात रविवारचे ते दोन तास तेवढे माझे. तेही गेले तर?

बुधवार, १९ नोव्हेंबर

सकाळी ग्रुपमधल्या पिराजीमामांचा फोन. "खोकला झालाय. माझं गाणं धरू नगा." बोलताना एकदाही खोकले नाहीत. दुपारी यशराजचा मेसेज – रविवारी दुकानात माणूस नाही, जमणार नाही. एरवी या दोघांच्या हातून माईक काढून घ्यावा लागतो!

तशीच उठले आणि त्याच्या दुकानात जाऊन उभी राहिले. गिऱ्हाईक गेल्यावर तो हळूच म्हणाला, "ताई, गळा गेला माझा. घरी गाऊन बघितलं, चार वेळा फाटला. मामांचंबी तेच झालंय. कुणाला बोलू नका."

तिघांचा गळा एकदम जातो? घरी येऊन साक्षीला फोन लावला.

शनिवार, २२ नोव्हेंबर

जयसिंगपूरला जाऊन आले. साक्षीनं डोळे पुसत लॅपटॉप उघडला आणि माझा ट्रॅक लावला. वरचा सूर असा अलगद गेला की मी मध्येच थांबले. तिच्याकडे पेटी आहे. पेटीवर सूर लावून बघितला – मूळ गाण्याहून दोन पट्ट्या खाली. मामांचं गाणं तीन पट्ट्या खाली. यशराजचंही खालीच. ब्लाऊज बेतावा तसं अण्णांनी एकेकाच्या गळ्याचं माप घेऊन ठेवलं होतं, आणि वर 'ओरिजिनल स्केल' म्हणून पाठ थोपटत होते.

आधी संताप आला. मी गावभर काय काय मिरवलंय! येताना एसटीत मात्र रडू आवरेना. शेजारची बाई विचारत होती, "कोण गेलं म्हणायचं?"

उद्या साक्षी लॅपटॉप घेऊन येणार आहे. दोघांनाही फक्त 'या' म्हणून कळवलंय. खरं सांगितलं तर मामा जन्मात परत गाणार नाहीत. न सांगता गायला उठतील का, तेही माहीत नाही.

रविवार, २३ नोव्हेंबर

हॉल भरला होता. माझं गाणं झालं. मामा भिंतीला टेकून बसलेले, नुसती मान हलवून नाही म्हणत होते. मी हात धरून उठवलं. म्हटलं, "फाटला तर चहा माझा." वरचा सूर जवळ आला तसा यशराज जमिनीकडे बघायला लागला.

गेला. स्वच्छ गेला. मग यशराज आपणहून उठला, त्याचंही गाणं पार पडलं.

मामा साक्षीजवळ गेले. "ह्यो बाबासोचाच लॅपटॉप व्हय?"

"व्हय."

त्यांनी लॅपटॉपवरून हात फिरवला. मग टोपी काढून खुर्चीत बसले. त्यांना कळलं का, मी विचारलं नाही.

कुणाचाच सूर फाटला नाही, त्यामुळे चहा कुणी सांगितला नाही. तसेच घरी आलो.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

साक्षीचा फोन. तिनं अण्णांची स्वतःची गाणी पेटीवर लावून बघितली. एकही खाली घेतलेलं नाही. सगळ्या ग्रुपमध्ये ओरिजिनल स्केलमध्ये गाणारा तो एकटाच माणूस होता. तिनं एकदा म्हटलं होतं म्हणे – दर रविवारी हसं करून घेता, जरा सोपं गा की. तर म्हणाले, "एकानं तरी फाटाय पायजे. न्हायतर चहा कोण पाजणार?"

येत्या रविवारी मी माझ्या गाण्याला यशराजनं नेटवरून घेतलेला ट्रॅक लावणार. चहा माझा.