पहाटेचा पलिता

प्रिय धाकट्या,

परवा तू फोन आपटलास. राग तुझ्या नाकाच्या शेंड्यावरच असतो, हे मला नवीन नाही. बाबांना वृद्धाश्रमात ठेवायचं म्हटल्यापासून मी तुझ्या लेखी वैरीण झालेय. रविवारी येऊन तू त्यांना तुझ्या घरी नेणार आहेस. त्याआधी हे वाच. फोनवर मला बोलता येत नाही, बाबा शेजारीच बसलेले असतात.

आपलं तुतीचं झाड यंदाही जाळ्यांनी भरलंय. फांद्यांच्या बेचक्यांत पांढरे तंबू आणि आत अळ्यांची वळवळ. लहानपणी तू तुती तोंडात टाकलीस, तिच्यावर अळी निघाली आणि दिवसभर थुंकत फिरलास, आठवतं? बाबांनी मग तुला खांद्यावर बसवून जाळी जाळताना दाखवली होती. काठीला चिंधी, चिंधीला रॉकेल आणि वेळ पहाटेची. उन्हं वर आली की अळ्या पाला खायला पांगतात, मग नुसतं घर जाळून काय उपयोग, असं ते म्हणायचे. पहाटेच्या गारठ्यात सगळ्या आत गोळा होतात, पलिता तेव्हाच लावायचा. जन्मभर त्यांनी माळीकाम केलं, पण या कामात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

डोकं साथ देईनासं झालं तशी त्यांना जाळी कुठेही दिसायला लागली. पडद्यावर, छताच्या कोपऱ्यात. आईच्या पांढऱ्या केसांतून अळ्या वेचत बसायचे. आई हसायची. उभ्या आयुष्यात केसांतून हात फिरवला नाही, आता फिरवताहेत तर फिरवू दे, म्हणायची. मी पलित्याची काठी माळ्यावर टाकायला निघाले तर तिनंच अडवलं. बाकी सगळं विसरले, एवढं एक काम त्यांना येतं, तेही काढून घेऊ नकोस म्हणाली. तिच्यापुढे कुणाचं काय चाललंय आजवर.

आई गेली तेव्हा मी तुला सांगितलं, मेणबत्ती कलंडली आणि मच्छरदाणी पेटली. पोलिसांना तेच सांगितलं, शेजाऱ्यांनाही तेच. मेणबत्ती नव्हतीच, धाकट्या. पहाटेची वेळ होती, पांढऱ्या मच्छरदाणीत आई गाढ झोपली होती. तिच्या ओरडण्यानं मी धावत आले तेव्हा बाबा पलंगाशी काठी धरून उभे होते. माझे हात भाजले ते तेव्हा. तू विचारलंस तेव्हा मी विषय बदलला होता.

आता माझी भाची पाळण्यात झोपते आणि तू पाठवलेल्या फोटोत पाळण्यावर पांढरी जाळी आहे. तो फोटो पाहिल्यापासून मला झोप नाही. मला हव्या तेवढ्या शिव्या दे, बाबांना हवं तेव्हा भेटायला ये, पण त्यांना त्या घरात नेऊ नकोस. त्यांच्यावर चिडूही नकोस. त्यांना काही आठवत नाही, आई कुठे गेली म्हणून रोज मलाच विचारतात. त्या पहाटे मात्र मी त्यांच्या हातातून काठी ओढून घेतली तेव्हा त्यांनी दुसरंच विचारलं होतं. चेहऱ्यावर काम मनासारखं झाल्याचं समाधान होतं. म्हणाले, सगळ्या आत होत्या ना?

तुझ्या शिव्यांची वाट पाहणारी, तुझीच
ताई