कोपरापर्यंत हात

बाबा, मी पास झाले! आजच कळलं. कॉलेजच्या बाबूचा फोन आला तेव्हा मी तलावाच्या पाळीवर जाळं वाळत घालत होते, आणि अशी किंचाळले की पलीकडच्या काठाचे बगळे उडाले. तलाव घेतलेल्या आमच्या गटातल्या बाया धावत आल्या. "काऊन वो बाई, साप निंगाला काय?" म्हटलं, साप नाई, मीच निंगाली, थेट दुसऱ्या वर्षात! कागद घेतला की माझी भाषा जरा कॉलेजसारखी होते, हसू नको.

तुला सगळं नीट सांगते. तुझी पोरगी त्रेचाळिसाव्या वर्षी पदवीला बसली आहे, मासोळीच्याच विषयात. आता एक नियम आला आहे. माणूस काम करून जे शिकला ते मास्तर लोक येऊन तपासतात, आणि खरं निघालं तर पदवीत धरतात. तेवढे विषय वर्गात बसून पुन्हा शिकायचे नाहीत. नाहीतर मला रोज चंद्रपूरची सकाळची एसटी धरावी लागली असती, मग तलाव कोणी पाहिला असता? या तपासणीत नापास झाले असते तर मी कॉलेजातून नाव काढणार होते. घरी तसं सांगूनही ठेवलं होतं. चार पानांचा फॉर्म होता. तीन पानं एका बैठकीत भरली, शेवटचा रकाना मात्र दोन दिवस तसाच राहिला.

तुला आठवते, मी दहावीत असताना शाळा बुडवून तुझ्या मागं तलावावर आले होते? तू कमरेएवढ्या पाण्यात उभा. मला पाहिलं आणि जाळं तसंच सोडून बाहेर आलास, अंगावरून पाणी निथळतंय, डोळे लाल. "इथी कोनतं कॉलेज हाय? आमी शिकलो नाई म्हनून त चिखलात हाओ. उद्या इथी दिसली त पाय तोडीन." केवढी रडले मी! आणि गंमत बघ, त्याच्या आधी कितीतरी वर्षं तूच मला त्या पाण्यात शिकवत होतास, फक्त ते शिकवणं आहे हे तुलाही माहीत नव्हतं. मी सात-आठ वर्षांची असेन. तू काठावर उकिडवा बसतोस, हात सरळ पाण्यात घालतोस आणि तळव्याकडे पाहतोस. पाणी कोपराला लागलं की तळवा दिसेनासा झाला पाहिजे. त्याच्या आधीच गेला तर पाणी जड, म्हणजे फार दाट हिरवं झालं, मासोळीच्या खाण्यासाठी टाकतो ते शेण बंद. कोपर बुडूनही बोटं मोजता आली तर पाण्यात मासोळीला खायला काही नाही. मीही हात घालते. तू म्हणतोस, "तुहा हात लहान हाय वो. तू दंडापर्यंत घाल." दरवर्षी तू माझ्या हातावरची खूण थोडी खाली आणायचास, आणि ज्या दिवशी ती कोपरावर आली त्या दिवशी मला पहिली मरळ मासोळी दिलीस, अख्खी, माझ्या एकटीची.

तर तपासणीला एक मॅडम आणि दोन सर जीपनं आपल्याच तलावावर आले. मॅडमजवळ दोरीला बांधलेली काळी-पांढरी थाळी होती. म्हणाल्या, "पाणी कसं आहे, सांगा." मी बाही वर केली, वाकले, हात घातला. तळवा कोपराशी आल्यावर धूसर झाला, मग गेला. म्हटलं, "बरोबर हाय, मॅडम. आठ दिवस काई टाकाचं नाई." मग त्यांनी थाळी सोडली, ती दिसेनाशी झाली तिथं दोरीला चिमटा लावला, टेप काढला आणि, बाबा, त्यांनी माझा हात मोजला! कोपरापासून बोटांपर्यंत. दोन्ही मापं जवळजवळ सारखी निघाली. एक सर म्हणाले, "सगळ्यांचे हात सारखे थोडेच असतात? लहान पोरानं पाहिलं तर?" माझ्या तोंडातून फटकन निघालं, "त्यानं दंडापर्यंत घालाचं. वाढला का खून खाली आनाची." सर लिहायचे थांबले. मॅडम म्हणाल्या, "हे आमच्या पुस्तकात नाही." मला तर आनंदानं तिथंच पाण्यात उडी मारावीशी वाटली.

मग त्यांनी विचारलं, कोणी शिकवलं?

तो शेवटचा रकानाही तोच होता. कोणाकडून शिकलात, त्यांचं नाव, त्यांचं शिक्षण. तुझं नाव लिहायला मी दोन दिवस पेन धरून बसले होते. पण शेजारच्या शिक्षणाच्या चौकटीत काय लिहू? तू तर सगळीकडे अंगठा लावायचास. वाटलं, अंगठेवाल्याची विद्या म्हणून ते मलाही काढून टाकतील. मी लिहिलं, 'स्वतः'. मॅडमलाही तेच सांगितलं, अगदी हसत, ओल्या हातानं. आज बाबूनं मोबाइलवर पाठवलेल्या निकालाच्या कागदावर तेच छापून आलं आहे, आणि सगळे माझं कौतुक करून राह्यले आहेत, की बाई आपली आपण शिकली.

हे पत्र कुठं टाकणार? तू गेलास तिथला पत्ता असता तरी तुला वाचून दाखवायला मलाच यावं लागलं असतं. आणि खरं सांगते बाबा, वाचताना तेवढा रकाना मी गाळला असता.