बाबांची ट्रॉली

रविवार, ९ फेब्रुवारी

प्रिय दादा,

तुझ्या पाया पडण्याइतकी मी शहाणी कधीच नव्हते, तरी या वेळी मनापासून नमस्कार. वहिनीचा गुडघा कसा आहे? पोरांच्या परीक्षा आटोपल्या का? फोनवर बोलले असते, पण बाबा सतत शेजारी असतात, म्हणून पत्र.

बातमी अशी की मी सिनेमा काढतेय. हसून घे, मी थांबते. इथल्या फिल्म क्लबची दहा मिनिटांच्या सिनेमांची स्पर्धा आहे. माझा जुना फोन हाच कॅमेरा, मावशी नायिका आणि आमचे साहेब बाकी सगळं. खिशात दमडी नाही, पण सिनेमा मात्र पक्का, मोठ्यांनी काढल्यासारखा दिसायला हवा, असा माझा हट्ट.

पहिला धडा आवाजाचा. चित्र जरा कमी असलं तरी लोक बघतात, आवाज खराब असला की उठून जातात. म्हणून भिंतींना गाद्या लावल्या, पंखा बंद, फ्रिज बंद. मावशी अशी काही रडली की आम्ही टाळ्या वाजवल्या, आणि त्या आनंदात फ्रिज चालू करायचा राहिला. दूध, भाजी सगळं गेलं, मग मावशी खरोखरची रडली. उजेडाचं सोपं निघालं. टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल साहेबांनी खिडकीसमोर धरला की चेहरा उजळतो. मावशीचा, साहेबांचा नव्हे.

घोडं अडलं चालत्या शॉटवर. फोन हातात धरून मावशीच्या पुढे उलटी चालले, तर चित्र बघून मावशीलाच मळमळलं. मग फोन चाकांच्या खुर्चीवर बांधला. रिकामी खुर्ची फरशीवर खडखडायला लागली, म्हणून वजनाला साहेबांना बसवलं.

आता तू विचारशील, घरात चाकांची खुर्ची आली कुठून? ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू, दादा. बाबा नोव्हेंबरात जिन्यावरून पडले. कमरेचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. हाड छान जुळलंय. घरात काठीवर चालतात, लांब जायला खुर्ची. 'त्याला कळवायचं नाही' अशी मला शपथ घातली होती. ती आत्ता मोडली, पाप लागलं तर मला लागू दे.

खुर्ची आणल्या दिवसापासून घडी घालून दारामागे. "बस भरभरून माणसं नेली मी. आता मला कुणी ढकलत न्यायचं?" एवढं बोलून भिंतीकडे तोंड. बाहेर पडेनात, जेवण दोन घासांवर आलं. मी फार घाबरले होते रे. सिनेमाचं खूळ काढलं ते खरं तर घरात जरा गडबड व्हावी म्हणून.

तर साहेब खुर्चीत, मी मागे. ढकलली तशी कॉटवरून बाबांची हाक आली, "अगं, गाडी सोडतेस की धोंडा लोटतेस? गाडी सुटली हे आतल्या माणसाला कळता कामा नये!" दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा बाबा काठी टेकत आले आणि म्हणाले, "उठा, जावईबापू." स्वतः बसले, फोन सोडवून छातीशी धरला, कोपरं खुर्चीच्या हातांवर टेकवली. "हं, हळू. थांबायचंय त्याच्या आधीपासून थांबायला लाग."

काय शॉट आला, दादा! कुठं हिसका नाही, काही नाही. आणि बाबा खुर्चीतून उठलेच नाहीत. "आता रस्त्यावरचा घेऊ," म्हणाले. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून आले. आता ते रोज बाहेर असतात. ओळखीचं कुणी तब्येत विचारायला थांबलं, की "शूटिंग चालू आहे, मध्ये येऊ नका!" म्हणून ओरडतात.

एकच शॉट राहिलाय, शेवटचा. वळणावरून एक माणूस घराकडे येतो, त्याच्यापुढे ट्रॉली, म्हणजे बाबांची खुर्ची, मागं सरकत दारापर्यंत जाते. मी तिथं शेजारीण लिहिली होती. बाबांनी ती खोडली. "मुलगा येऊ दे." साहेब चालले, तर "ऑफिसला उशीर झाल्यासारखे चालताय." वरच्या मजल्यावरचा भाडेकरू चालला, तर "छे, खांदे सरळ आहेत. डावा जरा पडलेला हवा. आणि वळणावर एकदा मागं बघायला हवं."

मी आणि मावशीनं एकमेकींकडे पाहिलं. मी साळसूदपणे विचारलं, "असं कोण चालतं, बाबा?"

शर्टाच्या टोकानं फोनची काच पुसत म्हणाले, "तू दिग्दर्शक ना? शोध."

'नजर गेली, आता गाडी चालवणं सोडा,' असं तू बाबांना म्हणालास. 'या घरात पाय ठेवू नकोस,' असं ते म्हणाले. दोन वर्षं दोघांनी शब्द असा पाळलाय, जसं काही बक्षीसच मिळणार आहे. कोण बरोबर, ते मी विचारत नाही. माझं काम अडलंय. भूमिकेला संवाद नाहीत, तेव्हा तुम्हा दोघांना जमेल. महिनाअखेर सिनेमा द्यायचाय. पांढरा शर्ट घालू नकोस, उन्हात नुसता चकाकतो.

आणखी एक. माझ्या पटकथेत सिनेमा दाराबाहेर संपत होता. काल बाबांनी तेही बदललं. म्हणाले, "बाहेर कट करायचा नाही. तो आत येईपर्यंत मी कॅमेरा चालू ठेवणार."

नटाची वाट बघणारी,
तुझी दिग्दर्शक धाकटी