चुकलेल्या दिवसाचा उपास

मालेगाव (जहांगीर),
रविवार, ता. ५ नोव्हेंबर १९३९

प्रिय ताईस एलोजीचा शालोम.

तुझं पत्र आणि त्यात घातलेलं आपलं मुंबईचं छापील पंचांग परवा मिळालं. दीड महिना पोस्टात कुठे फिरलं देव जाणे. भाऊजींचा दमा आता कसा आहे?

मी बरा आहे. गावच्या दौलतरावांनी स्वतःच्या आईच्या नावानं काढलेल्या या धर्मार्थ दवाखान्यात डॉक्टर फक्त गुरुवारी येतात. बाकी दिवस मीच कंपाउंडर नि मीच डॉक्टर. शनिवारी, शब्बाथच्या विश्रांतीच्या दिवशीही. रागावायचं तर रागाव.

पण देवाला मी अगदीच विसरलेलो नाही. पंचांग नव्हतं तरी दार फाळणीचा सण पाळला. गेल्या वर्षी तो दसऱ्याच्या सुमारास आला होता, म्हणून यंदा दसऱ्यालाच धरला. शेजारच्या बदरुन्निसाबींना आदल्या दिवशी समजावलं, की आम्हा यहुद्यांचा हा दिवसभर उपास, पांढरे कपडे, दार बंद, परक्याचा स्पर्श नाही. वर्षभर देवाला विसरलो त्याची माफी मागायची. त्या म्हणाल्या, "रोजा तं आमी बी ठेवतो, पन दार कायले लावता?" ते आपल्याला बाबांनी कधी सांगितलंच नव्हतं.

दिवसभर शमाची प्रार्थना म्हणत बसलो. पोट भरलं की देवाला विसराल, असं मोशे लोकांना बजावतो ना, तेच डोक्यात घोळत होतं. दुपारी कुणी दारावर थाप मारून गेलं म्हणे. मला ऐकू आलं नाही.

आता तुझं पंचांग सांगतं की सण तेवीस सप्टेंबरलाच झाला. यंदा इकडे अधिक श्रावण होता, त्यानं दसरा महिनाभर पुढे गेला. माझ्या डोक्यातच आलं नाही. तेवीस तारखेला काय केलं ते दवाखान्याच्या वहीत पाहिलं. एकोणतीस रोगी तपासले, एका म्हातारीचा निखळलेला खांदा बसवला. त्या रात्री बदरुन्निसाबींनी पाठवलेलं मटणही पोटभर खाल्लं होतं. म्हणजे देवाच्या दिवशी जेवलो आणि भलत्याच दिवशी उपाशी राहिलो. यातला देवाला विसरलो तो दिवस कोणता, मला काही कळेनासं झालंय.

ताई, थाप ऐकू आली होती. वर खोटं लिहिलं, ते खोडत नाही. गावाबाहेरच्या मळ्यात राहणारा इंद्रभान होता. "साहेब, सोजरले पान लागलं," म्हणत होता. सोजरबाई त्याची बायको, तिला साप चावला होता. सापावरच्या लशीच्या दोन कुप्या दवाखान्यात होत्या आणि किल्ली माझ्या कमरेला. मी उठलो, कडीला हात लावला आणि परत येऊन बसलो. बाहेर बदरुन्निसाबी त्याला सांगत होत्या की आज साहेबांचा देवाचा दिवस आहे. ते ऐकून मला बरं वाटलं. त्यानं पुन्हा थाप मारली नाही. बैलगाडीतून वाशिमला नेताना ती वाटेतच गेली.

लशीनं वाचली असती का, ठाऊक नाही.

परवा तिचं तेरावं झालं आणि काल इंद्रभान आला. मला वाटलं, आता शिव्या देणार. तो हात जोडून म्हणाला, "मीच चुकलो साहेब. तुमी देवापाशी बसून होते, तुमाले आयकू बी गेलं नसन. आन म्या दार ठोकलं. त्याचंच फळ भेटलं मले. पुढल्या दसऱ्याले तुमच्या दारासमोर मी बसतो, कोनाले ठोकू देत नाई."

पंचांग टेबलावर उघडंच होतं. मी त्याला चहा दिला.

दिवस चुकला होता हे सांगितलं, तर बायको कशापायी गेली असं तो समजेल? न सांगावं, तर तिचं मरण आपल्या माथी घेऊन तो जन्मभर जगेल. कालपासून याच घोळात आहे. आणि समजा दिवस बरोबर असता, तर? तर हे पत्र मी लिहिलंच नसतं, याचीच मला जास्त भीती वाटते.

उद्या मळ्यावर जातो. पंचांगाचं काही बोलणार नाही. थाप मी ऐकली होती, एवढंच त्याला सांगतो. पुढे त्याला काय करायचं ते तो करो.

तुझ्याशी खोटं बोललो त्याची माफी तुझ्याकडे नंतर मागेन. आधी त्याच्याकडे जाऊन येतो.

तुझा धाकटा भाऊ,
एलोजी