कुर्माघराच्या दारातली हाक

कोसमटोला, ता. धानोरा
३ ऑगस्ट २०२४

चि. गोकुळास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोन लागत नाही म्हणून रागावू नकोस. इथं टॉवर नाही. हे पत्र बसच्या कंडक्टरच्या हाती धानोऱ्याच्या पोस्टात पडेल. निवृत्त झाले की भद्रावतीला धाकट्या बहिणीच्या क्वार्टरमध्ये पाय पसरून बसेन म्हणत होते, आणि इथल्या महिला मंडळानं मला अध्यक्ष करून ठेवलंय. सगळी नोकरी दवाखान्यात सिस्टर म्हणून गेली, पण एवढी धावपळ तिथंही नव्हती.

इथं पाळी आली की बायका-मुली गावाबाहेरच्या कुर्माघरात राहतात. गवताचं छप्पर, वाकून आत शिरायचं, मागं लगेच जंगल. त्या दिवसांत त्यांना कोणी शिवत नाही. मी रीत मोडायला आले नाही. गावात, विहिरीजवळ पक्कं, उजेडाचं घर बांधा, एवढंच आमचं मंडळ मागतंय. पण पुजारी लालसूभाऊ विचारतात, जुनं पाडलं तर बुधरी कुठं जाईल?

ही बुधरी त्याच घरात साप चावून गेली. त्याला वर्षं झाली. शिवायचं कसं म्हणून कोणी आत गेलं नाही. मुली सांगतात, आत एकटी मुलगी असली की भरदुपारी बुधरी दाराबाहेरून विचारते, एकटीच आहेस का? धानाला कीड लागली हे सांगावं, तसं सांगतात. मला हसू आलं नाही.

मंडळातल्या नीलाबाईची रंजीता दहावीत आहे. ती बरेचदा तिथं एकटीच असते. पुढच्या वेळी मी सोबतीला जाऊन बसणार आहे.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
गुणाबाई


भद्रावती
११ ऑगस्ट २०२४

ती. बाईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुयं पत्र वाचता वाचता माया चहा उतू गेला. आमचा भूपेश म्हंते, मावशी भुतालेबी सलाइन लावन. पन मले हसू नाई येऊन राह्यलं. माय काय सांगे, याद हाये ना? मानूस दिसत नसन तं हाकेले ओ देऊ नोको. ओ देल्ली का ते आपल्या मागं येते. पोरीपाशी बस, तिले जप, पन बोलू नोको.

तुले दम लागते, गोळी घेत जा. कॉलनीतल्या बायांनी तुया पोरींसाठी चादरी जमवल्या हायेत. त्या न्यायले तरी ये.

तुयी लाडाची म्हनून मले धाकातच ठेव.
गोकुळा


कोसमटोला
२ सप्टेंबर २०२४

चि. गोकुळास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

मी ओ दिली. आधी तेच सांगते.

मागल्या आठवड्यात दुपारी रंजीतापाशी जाऊन बसले. पोट दुखतंय म्हणाली. पाळीचं असेल असं समजून मी तिला पडून राहायला सांगितलं. पाऊस थांबला होता, पाखरूही ओरडत नव्हतं. तेवढ्यात दाराबाहेरून बाईचा आवाज आला. शब्द गोंडी, पण कळले; आपल्या बोलीत लिहिते. ‘एकटीच हायेस का वो?’

मी वाकून पाहिलं. कोणी नव्हतं. चिखलावर पाऊल नव्हतं. मायचं सांगणं आठवत असूनही माझ्या तोंडून निघालं, ‘एकटी नाही. मी आहे.’

मग अगदी कानाशी, हळूच, ‘मले तं कोनी आलं नोतं.’

मी दचकून रंजीताकडे वळले. तिच्या पापण्या मिटत चालल्या होत्या, उघडायला सांगितलं तरी उघडेनात. जीभ जड झाली होती. मण्यार साप झोपेत चावतो, कळतही नाही; आधी पोटच दुखतं. वॉर्डात असे डोळे मी पाहिले होते.

मी आरडाओरडा केला. गाव जमलं, आणि दूर उभं राहिलं. नीलाबाईसुद्धा. तिचे हात पुढे येत होते, पाय नाही. मी म्हटलं, हिलाही बुधरीसारखी इथंच ठेवायची का? नीलाबाई आत शिरली. तिच्या मागं मंडळातल्या दोघी. लालसूभाऊंनी तोंड फिरवलं, पण अडवलं नाही.

खाटेवर घालून नाल्यातून निघालो. रंजीताचा श्वास तुटत होता. मी खाटेला लागून चालत तिच्या तोंडात श्वास भरत होते, वर पाहायला सवड नव्हती. खाट कुठं कलली नाही, नाल्याच्या ओढीतही नाही. सडकेवर बस मिळाली. ड्रायव्हरनं गाडी थेट दवाखान्यात नेली. बस सुटताना कंडक्टर मागं पाहत म्हणाला, ‘खाट उचलनारी चवथी बाई कुठी राह्यली? तिले बी घ्या.’

आम्ही चौघीही गाडीतच होतो. मी तर रिकाम्या हातांनी बाजूनं चालले होते. खाट उचलणाऱ्या तिघीच होत्या.

रंजीता वाचली. काल घरी आली, भात मागून खाल्ला. लालसूभाऊंनी स्वतः विहिरीजवळची जागा दाखवली. घर होईपर्यंत कोणी मुलगी एकटी राहणार नाही, असं बायकांनी ठरवलंय. पाळीपाळीनं एक जण जाऊन बसते.

मला दम लागत नाही, गोळ्या चालू आहेत. चादरी न्यायला येईन, पण हे बोलणं तिथं काढू नकोस. गावात सगळे म्हणतात, रंजीताची खाट चौघींनी उचलून नेली. चौथीचं नाव कोणी विचारत नाही.

आहेस तशीच माझी राहा.
तुझी,
गुणाबाई